श्रोते वक्त्यावर विश्वास का ठेवतात

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस गुलाबी बोंडअळीविषयी सभा होती. मी तेथे नातेवाइकांकडे मुक्कामाला असल्यामुळे त्यांच्याबरोबर सभेला जाऊन बसलो. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातील कपाशीचे अतोनात नुकसान केले होते, त्याच वर्षी फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, आणि त्यामुळे बियाणे, औषध किंवा सल्ला घेऊन गावात येणाऱ्या कोणाही माणसाकडे लोक संशयाने पाहत होते. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सतरंज्यांवर साठ-सत्तर माणसे बसली होती. बोलणारे गृहस्थ तिशीतले कृषी सहायक होते. सूत्रसंचालकाने त्यांच्या पदव्यांची यादी वाचायला घेतली, तेव्हा त्यांनी हात जोडून ती आवरती घ्यायची विनंती केली, पिशवीतून कपाशीची वीस हिरवी बोंडे काढली आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडली.

बोंडे त्याच गावच्या शिवारातली होती. सकाळी तीन शेतांत फिरून, शेतमालकांच्या देखत ती तोडलेली होती आणि ते तिघेही समोरच बसले होते. बाहेरून सगळी बोंडे सारखीच निरोगी दिसत होती, कारण अळी अगदी लहान असताना आत शिरते आणि तिने पाडलेले छिद्र पुढे बुजून जाते. त्यांनी चाकूने एकेक बोंड उभे चिरायला सुरुवात केली. सातव्या बोंडात अळी निघाली, पुढच्या तेरांत आणखी तीन. मोजणी पहिल्या रांगेतल्या माणसांनीच मोठ्याने केली. विसांपैकी दोन बोंडे किडलेली निघाली की आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय न केल्यास तोटा होईल अशी मर्यादा, गाठली असे मानतात, आणि येथे चार निघाली आहेत, एवढेच ते म्हणाले. तोवर दहा मिनिटेही झाली नव्हती, पण मागच्या खांबाशी चाललेली कुजबुज थांबली होती.

पुढे त्यांनी फरदड घेऊ नका, असे सांगितले. हंगाम संपल्यावरही पीक उभे ठेवून आणखी एक-दोन वेचण्या घेणे म्हणजे फरदड. त्या उभ्या पिकात अळीला खायला मिळत राहते आणि ती पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. त्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, “साहेब, फरदडीतून घरात चार पैसे येतात. ते कसे सोडाचे?” कृषी सहायकांनी हा प्रश्न उडवून लावला नाही. हे चार पैसे खरे आहेत आणि ते सोडणे कठीण आहे, असे त्यांनी आधी मान्य केले, आणि मग त्याच शेतकऱ्याला बरोबर घेऊन फरदडीचे उत्पन्न, तिला लागणारा खर्च आणि पुढच्या वर्षीच्या कवडी, म्हणजे किडीने डागाळलेल्या, कापसाने होणारा तोटा यांचा हिशेब मांडला. दुसऱ्या एकाने कापसाचा भाव दिवाळीनंतर वाढेल का, असे विचारले, तेव्हा ते म्हणाले की भावाबद्दल मला काही सांगता येणार नाही, तो माझा अभ्यासाचा विषय नाही. माझ्या मते त्या संध्याकाळी विश्वास बसला तो याच क्षणी. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे हा माणूस सांगतो, म्हणजे जे ठाऊक आहे म्हणून सांगतो ते खरे असावे, असा सरळ हिशेब समोरच्या माणसांनी मनात केला असणार.

वक्त्याची विश्वासार्हता ही काही गूढ देणगी नाही. तिची फोड फार पूर्वी झालेली आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने भाषण पटण्याची तीन साधने सांगितली: बोलणाऱ्याचे चारित्र्य, ऐकणाऱ्याच्या भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. यांपैकी चारित्र्याचा प्रभाव त्याने सर्वांत मोठा मानला आणि त्याचीही पुन्हा तीन अंगे दाखवली. वक्त्याला विषयाची व्यवहारी जाण असली पाहिजे, तो सचोटीचा असला पाहिजे आणि त्याच्या मनात ऐकणाऱ्यांविषयी सदिच्छा असली पाहिजे. सभेत बसलेला माणूस हे शब्द वापरत नाही, पण याला यातले कळते का, हा खरे बोलतो आहे का आणि याला आमचे बरे व्हावेसे वाटते का, हे प्रश्न तो मनातल्या मनात विचारतच असतो. एका प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाही. ज्ञानी पण लबाड माणसाचे आपण ऐकत नाही, आणि प्रामाणिक पण अर्धवट माहितीच्या माणसाला मान देऊनही त्याच्या सल्ल्याने वागत नाही. तिसरे अंग सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. विषय येतो, हेतूही स्वच्छ असतो, पण समोरच्यांची काळजी नसते, आणि ती नाही हे लोकांना फार लवकर कळते.

अ‍ॅरिस्टॉटलचा आणखी एक मुद्दा आपल्याकडील वक्त्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. हा विश्वास वक्त्याविषयी आधीपासून असलेल्या मतातून नव्हे, तर भाषणातूनच निर्माण झाला पाहिजे, असे तो म्हणतो. आपल्या समारंभांत परिचयावर जो वेळ खर्च होतो त्याचा विचार या दृष्टीने करावा. पुरस्कार, पदे, परदेश दौरे ही यादी वक्त्याला व्यासपीठापर्यंत पोहोचवते. त्यापुढचे काम तिच्याने होत नाही, आणि यादी जितकी लांब तितकी श्रोत्यांची अपेक्षा आणि वक्त्याचे ओझे दोन्ही वाढत जातात. परिचयात एकच गोष्ट असावी: आज ज्या विषयावर बोलायचे आहे त्याच्याशी या माणसाचा हातांनी, कामाने, वर्षांनी काय संबंध आला आहे.

काम आणि बोलणे यांची सांगड कशी असावी याचे गाडगेबाबांइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे दिसत नाही. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर शाळेत शिकलेले नव्हते. ते गावात येत, हातातल्या खराट्याने रस्ते आणि गटारांच्या कडा झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. या क्रमाचा परिणाम नीट लक्षात घेण्यासारखा आहे. रात्री स्वच्छतेविषयी ऐकणाऱ्या माणसाने दिवसा आपल्या दारातला केर याच माणसाने उचललेला पाहिलेला असे. त्यामुळे कीर्तन सुरू होण्याआधीच तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळालेली असत. त्यांनी पंढरपूर, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःच्या कुटुंबासाठी त्यांतील काहीही ठेवले नाही, हेही लोकांना ठाऊक होते. म्हणूनच कर्ज काढून सण करू नका, देवाला बळी देऊ नका, शिवाशिव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, अशा ऐकणाऱ्याच्या अंगवळणी पडलेल्या चालीरीतींवर थेट बोट ठेवणाऱ्या गोष्टी ते हजारोंच्या समुदायापुढे बोलू शकले.

त्यांची कीर्तनाची रीतही श्रोत्याशी नाते जोडणारी होती. ते वऱ्हाडीत बोलत आणि सतत प्रश्न विचारत. प्रश्न असा असे की त्याचे उत्तर अडाणी माणसालाही देता यावे, आणि एकापुढे एक अशा उत्तरांनी श्रोता स्वतःच्याच पावलांनी अशा जागी येऊन पोहोचे की तेथून मागे फिरणे त्याला शक्य नसे. लोक मोठ्याने उत्तर देत, मध्ये गोपाळाचा गजर होई, आणि कीर्तन एका माणसाचे न राहता सगळ्यांचे होई. आपण एखाद्या शाळेत किंवा बचत गटाच्या बैठकीत बोलताना “कळले ना?” असे विचारतो, तेव्हा त्याला “हो” याखेरीज उत्तर नसते. “तुमच्या घरी पाणी किती वाजता येते?” या प्रश्नाला मात्र प्रत्येकाकडे स्वतःचे उत्तर असते. ते उत्तर देणारा माणूस त्या क्षणापासून भाषणात सामील झालेला असतो.

श्रोत्याशी नाते जुळण्यात सर्वांत मोठा अडथळा आणते ती वक्त्याची स्वतःची जाणकारी, आणि हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे. १९९० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी सर्वपरिचित गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्यांनी गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी केवळ ३ ओळखली गेली. घरी एखादी आरती अशीच टेबलावर वाजवून पाहिली तर कारण लगेच उमजते. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, झांजा असे सगळे एकदम चालू असते, आणि ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. डोक्यातली चाल बंद करणे वाजवणाऱ्याला जमत नाही, म्हणून समोरच्याला कसे काय कळत नाही याचे त्याला आश्चर्य वाटते. वीस वर्षे एका विषयात काढलेले डॉक्टर, सनदी लेखापाल, अभियंते यांची भाषणे अनेकदा अशीच टकटक होऊन जातात. मधुमेहावर बोलणारे डॉक्टर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा उल्लेख ज्या सहजतेने करतात, ती सहजता समोरच्या आजींकडे नसते. त्यांनी तपासणीचा कागद पाहिलेला असतो, त्यातील आकडा पाहिलेला नसतो.

यावर उपाय एकच आहे, आणि तो कष्टाचा आहे. भाषणाआधी त्या श्रोत्यांपैकी दोन-चार जणांशी बोलावे. आयोजकांना केवळ विषय आणि वेळ न विचारता, कोण येणार आहेत, त्यांचा दिवस कसा जातो, या विषयात त्यांना आधी कोणी काय सांगितले आहे आणि त्याचा त्यांना काय अनुभव आला, हे विचारावे. अर्धा तास आधी पोहोचून मागच्या रांगेत जाऊन बसावे आणि तेथे बसलेल्यांचे ऐकावे. कृषी सहायकांनी सकाळी शिवारात घालवलेले तीन-चार तास हेच होते. ती बोंडे पुरावा म्हणून उपयोगी पडलीच, पण हा माणूस आमच्या बांधावर येऊन गेला, ही गोष्टही त्यांनी न बोलता सांगितली. दुसऱ्या तालुक्यातील, कदाचित अधिक किडलेली बोंडे आणली असती तर हा परिणाम झाला नसता.

सचोटी भाषणात कशी दिसते, हे पाहण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ रोजीचे संविधान सभेतील भाषण अभ्यासावे. ते बहुधा त्यातील इशाऱ्यांसाठी आठवले जाते. राजकीय समतेबरोबर सामाजिक आणि आर्थिक विषमता घेऊन आपण २६ जानेवारी १९५० रोजी विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, हे त्यातील विधान सर्वांना ठाऊक आहे. पण इशारे देण्याचा अधिकार त्यांनी त्याच भाषणाच्या आधीच्या भागात कसा मिळवला, याकडे फारसे कोणी पाहत नाही. संविधान सभेने फार वेळ घेतला, असा आक्षेप होता. त्यांनी तो टाळला नाही. २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस लागले हे स्वतःच सांगितले, आणि मग अमेरिका, कॅनडा, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांना किती काळ लागला हे मांडले. त्यात अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका यांनी आपल्यापेक्षा कमी वेळ घेतला होता, तेही त्यांनी लपवले नाही. उलट त्या संविधानांचा आकार आपल्यापेक्षा किती लहान आहे, आपल्या संविधानात ३९५ अनुच्छेद आहेत आणि २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे आकडे ऐकणाऱ्यांपुढे ठेवले. मसुदा समितीला एका सभासदाने ‘ड्राफ्टिंग कमिटी’ या तिच्या इंग्रजी नावावर कोटी करून ‘ड्रिफ्टिंग कमिटी’, म्हणजे वाहवत जाणारी समिती, असे म्हटले होते. तो शब्दही त्यांनी सभागृहात पुन्हा उच्चारला आणि अधिक चांगल्याचा शोध घेणे म्हणजे वाहवत जाणे नव्हे, असे त्याला उत्तर दिले.

त्यानंतर त्यांनी श्रेयाची वाटणी केली. आपण संविधान सभेत आलो ते अनुसूचित जातींच्या हितरक्षणासाठी, मसुदा समितीवर निवड होईल असे वाटले नव्हते आणि अध्यक्षपद मिळाल्याचे तर अधिकच आश्चर्य वाटले, कारण समितीत आपल्याहून अधिक योग्यतेची माणसे होती, असे त्यांनी सांगितले. पहिला कच्चा मसुदा संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांचा, हे सांगितले. गुंतागुंतीचे प्रस्ताव सुबोध कायदेशीर भाषेत उतरवण्याच्या मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांच्या हातोटीचे कौतुक केले. ज्यांनी सतत विरोध केला त्या सभासदांचीही नावे घेऊन आभार मानले, कारण त्यांच्यामुळे तत्त्वांची चर्चा झाली. हे सौजन्य होतेच, परंतु श्रोत्यावर त्याचा होणारा परिणाम सौजन्यापुरता राहत नाही. जो माणूस स्वतःच्या यशातील दुसऱ्यांचा वाटा मोजून देतो आणि विरोधकाचा मुद्दा विरोधकाच्याच शब्दांत मांडतो, त्याने पुढे काही कठोर सांगितले तर ते स्वार्थापोटी सांगितले असा संशय घ्यायला जागा उरत नाही.

आपण सामान्य वक्ते या पातळीला पोहोचणार नाही, पण रीत तीच वापरता येते. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाच्या बाजूने बोलणाऱ्याने विरोधकांची सर्वांत बळकट शंका आधी स्वतः मांडावी, आणि तीही अशी मांडावी की विरोधकांनी मान डोलवावी. मगच उत्तर द्यावे. शंका मुद्दाम लुळी करून मांडली तर सभेतील जाणत्या माणसाला ते लगेच कळते, आणि त्यानंतर खरे मुद्देही त्याच्या कानांत शिरत नाहीत.

उलट दिशेने विश्वास घालवणाऱ्या गोष्टींमध्ये उसन्या साहित्याचा क्रमांक माझ्या मते पहिला लागतो. मोबाइलवर फिरत आलेली विचारवचने महापुरुषांच्या नावावर खपवली जातात, परदेशातील कोण्या उद्योगपतीची न तपासलेली गोष्ट सांगितली जाते आणि शिवरायांचे नाव घेऊन टाळी वसूल केली जाते. टाळी मिळतेही. पण मराठी श्रोता जुना आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ पासून सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला घ्या, किंवा तालुक्याच्या ठिकाणी वाचनालयांच्या आवारात भरणाऱ्या मालिका घ्या, तेथे बसलेल्यांत एखादा निवृत्त शिक्षक, एखादी ग्रंथपाल, एखादा इतिहासवेडा दुकानदार असतोच. तो उठून चूक दाखवत नाही. पण बाहेर चहाच्या टपरीवर शेजाऱ्याला सांगतो, आणि वक्त्याची किंमत तेथे ठरते. स्वतःच्या पाहण्यातली साधी घटना, तारखेनिशी आणि जागेनिशी सांगितलेली, अशा दहा उसन्या गोष्टींपेक्षा अधिक वजनाची असते.

शालेय वक्तृत्व स्पर्धांचा परीक्षक म्हणून बसताना मला याच कारणाने वाईट वाटते. आठवीतली मुलगी ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या विषयावर घरच्यांनी लिहून दिलेले भाषण मोठ्या आवेशात म्हणते, ठरलेल्या वाक्याला हात उंचावते, आणि तिच्या स्वतःच्या वाडीवर एप्रिलमध्ये टँकर येतो हे त्या सात मिनिटांत एकदाही येत नाही. स्पर्धेनंतर तिला विचारले तेव्हा तिने टँकरच्या रांगेतली भांडणे, नंबर लावलेले हंडे, पहाटे उठणारी आई असे सगळे इतके जिवंत सांगितले की ऐकत राहावे. बोलण्याचे खरे द्रव्य तिच्याजवळ होते. ते बोलण्यायोग्य आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आवाजाचे चढउतार, हातवारे, नजर यांची तालीम अवश्य द्यावी, पण ती या द्रव्याच्या मागून यावी. बोलणारा ज्या गोष्टीत मनापासून गुंतलेला असतो ती सांगताना आवाज बराचसा आपोआप योग्य जागी येतो.

भीतीबद्दल थोडक्यात सांगतो. ती अनुभवी वक्त्यांनाही वाटते आणि श्रोते ती सहज माफ करतात. जे माफ होत नाही ते म्हणजे खोटी नम्रता. “मी काही वक्ता नाही, मला काही येत नाही” असे सुरुवातीला म्हणून नंतर तासभर बोलणे हा ऐकणाऱ्यांच्या वेळेचा अपमान आहे. दिलेली वेळ ओलांडणे हाही तसाच. चाळीस मिनिटे ठरली असतील तर पस्तिसाव्या मिनिटाला आवरायला घ्यावे, कारण शेवटची बस साडेनऊची आहे हे समोरच्या निम्म्या लोकांच्या डोक्यात चालू असते.

आणि प्रश्नोत्तरांना वेळ राखून ठेवावाच. भाषण तयारीचे असते, उत्तर तयारीचे नसते, म्हणून माणसाची पारख उत्तरात होते. आधी प्रश्न पूर्ण ऐकावा, मागच्यांना ऐकू जाण्यासाठी तो पुन्हा उच्चारावा, आणि विचारणाऱ्याचा शब्द शक्यतो तोच ठेवावा. तो ‘फरदड’ म्हणाला असेल तर उत्तरातही फरदडच असावी, आपण त्याला पुस्तकी नाव देऊ नये. उत्तर येत नसेल तर तसे सांगावे आणि कोणाकडे मिळेल हे माहीत असल्यास तेही सांगावे.

त्या रात्री कृषी सहायकांना भावाच्या प्रश्नाखेरीज आणखी दोन प्रश्नांची उत्तरे देता आली नव्हती. एक होता पिकविम्याच्या मुदतीविषयी आणि दुसरा गावच्या एका कोपऱ्यातील चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या, जमिनीविषयी. त्यांनी दोन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले आणि येत्या बाजारापर्यंत कळवतो असे सांगितले. मी आणखी चार दिवस त्या गावात होतो. बाजाराच्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या फलकावर हाताने लिहिलेला एक कागद लागलेला दिसला. त्यावर दोन्ही प्रश्न आणि त्यांची उत्तरे होती, खाली त्यांचे नाव आणि फोन नंबर होता. संध्याकाळी परत येताना पाहिले तर त्या नंबरच्या खाली वेगळ्या अक्षरात, पेन्सिलने, कोणीतरी तिसरा प्रश्न लिहून ठेवला होता.